दोन घोडे, एक खोगीर, एक तंग

पेडणे तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"आमच्या भाटात (बागायतीत) दोन जनावरं आहेत. एक रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी, उंची १५.३ हँड (एक हँड म्हणजे चार इंच, तेव्हा १५ हँड आणि ३ इंच). दुसरा मुलांसाठी घेतलेला गोल पोटाचा तट्टू, साधारण १३ हँड. खोगीर एकच आणि तंगही (छातीखालून जाणारा, खोगीर बांधायचा पट्टा) एकच, निओप्रीनचा म्हणजे कृत्रिम रबराचा, सरळ, ४८ इंची. तट्टूवर खोगीर पुढे सरकून खांद्यांवर चढतं, आणि कोपरामागे त्याचे केस जाऊन कातडी लाल झाली आहे. घोडीवर तेच खोगीर मागे जातं, म्हणून मोतद्दार तंग करकचून आवळतो. आता तंग हातात घेतला की घोडी कान मागे टाकते, चावायला येते. लोकरीचं अस्तर असलेला चांगल्यातला तंग घेतला तर दोघांचं भागेल का? आणि माप कसं घ्यायचं?"

लोकरीचा तंग इतक्यात घेऊ नका. तुमच्या जनावरांना तंग टोचत नाही, तो चुकीच्या जागी ओढला जातोय. वर मऊ अस्तर चढवलंत तर कातडी सोलायला चार दिवस जास्त लागतील, एवढाच फरक. शिवाय एक खोगीर १५.३ हँडच्या थरोब्रेडलाही बसतं आणि १३ हँडच्या गोल तट्टूलाही, हे आम्हाला पटत नाही. दोघांपैकी एकाच्या पाठीवर ते नक्कीच चुकीचं बसतंय, कदाचित दोघांच्याही. पण तुम्ही विचारलंय तंगाबद्दल, तर तिथूनच सुरुवात करू.

घोड्याचा छातीचा पिंजरा पुढच्या पायांच्या कोपरामागे अरुंद असतो आणि तिथून मागे रुंद होत जातो. पट्टा आवळून घोडा चालवला की पट्टा घरंगळत सगळ्यात कमी घेराच्या जागी जाऊन बसतो. खोगीर त्याच पट्ट्याला बांधलेलं, त्यामुळे तेही मागोमाग जातं. खोगीर ठेवताना तुम्ही ते कितीही नेमकं ठेवा, शंभर पावलांनंतर ते कुठे असेल हे तंगाच्या जागेवर ठरतं.

ही जागा प्रत्येक घोड्याची वेगळी. गोल फासळ्यांच्या, आखूड पाठीच्या, विदर्स म्हणजे मानेच्या मुळाशी असणारा पाठीचा उंचवटा जवळजवळ सपाट असलेल्या तट्टूंमध्ये ती बहुधा पार पुढे, कोपराला चिकटून असते. अशा तट्टूला सरळ तंग बांधला की तो पुढे पळतो, खोगिराला खांद्यावर ओढतो आणि स्वतः कोपरामागच्या सैल कातडीच्या घडीत शिरून काचतो. तुमच्या दोन तक्रारी म्हणून लिहिलेल्या गोष्टी खरं तर एकच आहेत. रेसच्या घोड्यांचं बऱ्याचदा उलट असतं. छाती खोल, फासळ्या चपट्या आणि पोट मागे वर ओढलेलं, त्यामुळे पिंजऱ्याचा घेर मागे जाताना फारसा वाढतच नाही. तंगाला अडवायला काही नसल्यामुळे तो मागे जातो आणि खोगिरालाही नेतो.

तुमच्या दोघांच्या बाबतीत नेमकं काय आहे ते अंदाजाने ठरवू नका, तपासा. अर्धा तास पुरतो. लागणारं सामान म्हणजे खाटेची दोन-अडीच इंची नवार, पाटीवरचा खडू, शिंप्याची मापाची फीत आणि गवंड्याचा ओळंबा. ओळंबा नसेल तर दोरीला जड नट बांधा. जागा सपाट हवी. चढाच्या अंगणात घोडा चारही पायांवर सारखा भार टाकत नाही आणि माप फसतं.

आधी खोगीर न घालता नवार कोपरामागून फिरवून विदर्सच्या जरा मागे, सहज सुटेल अशी गाठ मारा. नवार लोंबायला नको, पण खाली अख्खा तळवा सहज जायला हवा. पाच-सात मिनिटं घोडा हातात धरून चालवा, मध्ये थोडी दुडकी घ्या, दोन्ही बाजूंना वळवा. थांबल्यावर नवार जिथे स्थिरावली असेल तिथे, छातीच्या खालच्या बाजूला, खडूने खूण करा. ही तंगाची जागा झाली.

आता खांदा. पुढचा पाय गुडघ्याखाली धरून कुणाला तरी हळूच पुढे ताणायला सांगा. पाय पुढे जातो तशी खांद्याच्या पात्याची वरची कड मागे सरकते, हाताखाली ती स्पष्ट लागते. ती जिथवर मागे येते तिथे दुसरी खूण करा. मग नमदा (खोगिराखालची गादी) न घालता खोगीर थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, ते आपोआप अडकेल तिथपर्यंत. खोगिराच्या लाकडी किंवा फायबरच्या सांगाड्याचं पुढचं टोक या दुसऱ्या खुणेच्या निदान दोन बोटं मागे राहिलं पाहिजे. खोगिराचा चामडी पाखा (बाजूला लोंबणारा भाग) खांद्यावर आला तर हरकत नाही, आतलं कडक टोक येता कामा नये.

खोगीर असं ठेवलं की पाखा वर करून पहिल्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या वादीच्या (तंगाचं बक्कल जिला लागतं त्या भोकांच्या पट्टीच्या) मुळापाशी ओळंब्याची दोरी धरा आणि वजन खाली सोडा. ते पहिल्या खुणेच्या समोर येतंय की मागे की पुढे, ते बघा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असेल तर सरळ तंग चालेल. तंगाची जागा ओळंब्याच्या चार-पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पुढे पडत असेल तर सरळ तंग कितीही महाग घ्या, तो खोगीर ओढणारच. तुमच्या तट्टूचं असंच निघेल असं पत्रावरून वाटतं.

त्याला पुढे झुकलेल्या आकाराचा तंग लागेल. त्याचा छातीखालचा मधला भाग पुढे असतो आणि दोन्ही टोकं मागे वळलेली असतात. त्यामुळे तंग छातीखाली आपल्या आवडत्या जागी बसतो, पण बक्कलं मागे, वाद्यांच्या बरोबर खाली येतात. ओढ सरळ वर लागते आणि खोगीर जागेवर राहतं. दुकानात मात्र 'अ‍ॅनाटॉमिकल' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक ही. दुसरी म्हणजे फक्त कोपरामागे आत कापलेला, पण मुळात सरळच असलेला तंग. दुसऱ्याने कोपर मोकळं राहतं, पण खोगिराची पुढची ओढ तसूभरही कमी होत नाही. फरक ओळखायचा तर तंग टेबलावर पसरा आणि एका टोकाच्या बक्कलांच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत दोरी ताणून धरा. तंगाचा मधला भाग दोरीच्या पूर्ण पुढे गेला तर तो पुढे झुकलेला. दोरी मधल्या भागाच्या मधोमध गेली तर तो सरळ, मग त्याच्या कडा कितीही वळणदार असोत. ऑनलाइन घेत असाल तर समोरून काढलेला, सपाट पसरलेल्या तंगाचा फोटो मागवा. घोड्यावर बांधलेल्या फोटोत काही कळत नाही.

आणि असा तंग चुकून उलटा बांधला जाऊ शकतो, तेव्हा बरोबर कसा बांधायचा हे मोतद्दाराला एकदा दाखवून ठेवा. फुगीर बाजू पुढे, डोक्याकडे. उलटा बांधला तर कोपराला मोकळीक मिळायच्या ऐवजी तिथेच सगळा दाब येतो. ओळखायला तंगाच्या पुढच्या कडेला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला की भागतं.

घोडीला हा तंग चालणार नाही. जिची तंगाची जागा मागे आहे तिला पुढे झुकलेला तंग बांधला तर त्याची पुढची कड दोन पायांमधल्या छातीच्या स्नायूंत घुसते. तिला सरळच हवा, पण तुमच्याकडे आहे तसा टोकापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा नको. छातीच्या हाडाखाली दहा-बारा सेंटिमीटर रुंद, कोपरामागे निमुळता आणि कडा दुमडून गोल केलेला असा हवा. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या चामडी तंगांत बाल्डिंग आणि अ‍ॅथरस्टन हे दोन प्रकार याच कामाचे. बाल्डिंगमध्ये चामड्याच्या तीन पट्ट्या एकमेकींवरून फिरवून कोपरामागची रुंदी कमी केलेली असते. वाळूत फिरणाऱ्या घोड्याला मात्र आम्ही बाल्डिंग सुचवणार नाही, कारण पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे वाळू अडकते. मोरजी-मांद्र्याच्या बाजूला समुद्रावर जात असाल तर गुळगुळीत, एकसंध आतली बाजू असलेला अ‍ॅथरस्टन बरा.

कोपरामागच्या रुंदीवर एवढा भर का, तर दाब तिथेच असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दाब मोजणारी चादर तंगाखाली घालून पाहिलं, तेव्हा सर्वांत मोठा दाब छातीच्या मधल्या हाडावर नव्हे, तर कोपराच्या लगेच मागे सापडला. तिथला दाब कमी करणारा तंग घातल्यावर पुढचा पाय जास्त पुढे पडू लागला. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं. त्याचा सगळा पिंजरा पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो, आणि तंग नेमका त्याच स्नायूंवरून जातो. शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचातला बनावट घोडा नाचणाऱ्याच्या कमरेला गच्च बांधला तरी त्याला काही होत नाही. खरा घोडा मात्र प्रत्येक टापेला आणि प्रत्येक श्वासाला त्या पट्ट्याखाली फुगत-आकसत असतो.

इलॅस्टिकबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानदार नक्की विचारील. एकाच टोकाला इलॅस्टिक असलेला तंग घेऊ नका. एक बाजू देते, दुसरी देत नाही, आणि खोगीर हळूहळू एका अंगाला ओढलं जातं. घ्यायचाच तर दोन्ही टोकांना सारखं इलॅस्टिक असलेला घ्या, आणि ध्यानात ठेवा की इलॅस्टिकचा तंग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, कारण हाताला तो सैलच वाटत राहतो. तुमचा मोतद्दार करकचून आवळणारा आहे, त्याच्या हातात इलॅस्टिक देणं आम्हाला धोक्याचं वाटतं. इलॅस्टिक नागमोडी दिसायला लागलं किंवा ताणून सोडल्यावर पूर्ण आत आलं नाही, की तो तंग संपला. आपल्याकडच्या उन्हात आणि घामात ते लवकर होतं.

आता माप. खोगीर आणि रोज वापरता तो नमदा घोड्यावर ठेवा. डाव्या वादीच्या मधल्या भोकापासून फीत खाली सोडून छातीखालून, तंगाच्या खडूच्या खुणेवरून, उजव्या वादीच्या तेवढ्याच क्रमांकाच्या भोकापर्यंत न्या. फीत अंगाला टेकलेली हवी, आवळलेली नको. येईल तो आकडा म्हणजे बक्कलाच्या पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी. बाजारात तंग दोन-दोन इंचांच्या, नाहीतर पाच-पाच सेंटिमीटरच्या फरकाने मिळतात. आकडा अधेमधे आला तर चामड्याच्या किंवा सुती तंगाला खालचं माप घ्या, कारण दोन्ही वापराने ताणतात. निओप्रीनला जवळचं. तुमच्या घोडीला ४८ किंवा ५० इंच लागेल. तट्टूला ४४ ते ४६ च्या आसपास यावं, मोजून बघा. पुढे झुकलेल्या तंगाची लांबी प्रत्येक कंपनी वेगळ्या तऱ्हेने मोजते, तेव्हा तो विकणाऱ्याच्या तक्त्यावरूनच घ्या.

तट्टूवरचा ४८ इंची तंग त्याला मोठा आहे, हे यावरून कळेल. बक्कलं वादीच्या अगदी वरच्या भोकांत जात असतील, पाख्याखाली मुलाच्या मांडीला टोचत असतील आणि आणखी आवळायला भोकच उरत नसेल. अशा वेळी वादीला मधेच नवं भोक पाडायचा मोह होतो. पाडू नका. भोकं ठराविक अंतरावर असतात. दोन भोकांच्या मध्ये तिसरं पाडलं की वादी तिथेच फाटते, आणि ती फाटते घोडा धावत असताना. उलट तंग आखूड असेल तर बक्कलं खाली कोपराच्या मागे येतात आणि तिथे जखम ठरलेली. बक्कल लागल्यावर दोन्ही बाजूंना वर-खाली निदान दोन-दोन भोकं शिल्लक राहिली पाहिजेत. लांब वाद्यांचं ड्रेसाज (शिस्तबद्ध चालींच्या स्वारीचं) खोगीर घेतलंत तर हिशोब बदलतो. त्याचा तंग आखूड असतो आणि बक्कलं फासळ्यांवर उघडी येतात. तिथे ती कोपराच्या वर निदान चार बोटं आणि खोगिराच्या नमद्याच्या खाली हवीत. अधलंमधलं माप आलं तर या प्रकारात मोठं घ्या.

वाद्या तीन असतात आणि वापरायच्या दोन. त्यातली पहिली सोडायची नाही. बहुतेक खोगिरांत पहिली वादी सांगाड्यावरच्या स्वतंत्र पट्टीला शिवलेली असते, तर दुसरी आणि तिसरी एकाच पट्टीला. दुसरी-तिसरी जोडी लावली आणि ती पट्टी उसवली तर दोन्ही एकदम गेल्या. म्हणून पहिली आणि दुसरी, किंवा पहिली आणि तिसरी. घोडीला पहिली-तिसरी लावून बघा, खोगीर मागच्या बाजूला कमी डुलतं.

घोडीचं खोगीर मागे जातं म्हणून तंग आवळत जाणं हा उपाय नाही. तिच्यासाठी ब्रेस्टप्लेट (छातीवरून जाणारा पट्ट्यांचा साज) घ्या. त्याचे पट्टे खोगिराच्या पुढच्या कड्यांना लावा आणि छातीशी मूठभर जागा ठेवा. तट्टूला तात्पुरती दुमची (खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा) चालेल, डोंगरउताराच्या वाटेवर तर हवीच. पण दुमचीने खोगीर मागे खेचून धरायचं आणि तंगाने ते पुढे ओढायचं, या ओढाताणीत पाठ सोलते. तंग बदलल्यावर दुमची सैल राहिली तर समजा काम झालं.

आणि खोगिराचं काय? घोडीवर खोगीर ठेवून स्वार बसवा. खोगिराचा पुढचा कणा आणि विदर्स यांमध्ये दोन-तीन बोटं उभी जायला हवीत. तट्टूवर हेच खोगीर ठेवून बघा. त्याच्या सपाट पाठीवर ते होडीसारखं डुलत असेल किंवा पुढून उंच उभं राहिलेलं असेल, तर सांगाडा त्याला अरुंद आहे. अरुंद खोगीर पाठीवर बसत नाही, पाठीवर उभं राहतं, आणि ते पडू नये म्हणून तंग आवळला जातो. जाड नमदा घालून अरुंद खोगीर आणखी अरुंद होतं. अंगाला घट्ट होणाऱ्या सदऱ्यात आणखी एक बनियन घातल्यावर काय होतं ते सांगायला नको. तट्टूसाठी वेगळं, रुंद सांगाड्याचं खोगीर हाच खरा खर्च आहे. तंगाचा त्याच्या मानाने काहीच नाही.

कशाचा तंग घ्यायचा, यात आपल्या हवेचा विचार परदेशी कॅटलॉगमध्ये नसतो. जून ते सप्टेंबर गोव्यात चामडं एका रात्रीत हिरवं होतं. तरी आकार धरून ठेवण्यात चामड्याला तोड नाही. ते घेत असाल तर फिरून आल्यावर लगेच ओल्या फडक्याने घाम पुसायचा, सॅडल सोप लावायचा आणि हवेशीर जागी खुंटीला टांगायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच घालायचं नाही, उन्हातही वाळवायचं नाही. तेल थोडं आणि क्वचितच. तेलाने चामडं मऊ होतं तसं ताणतंही. महिन्यातून एकदा प्रत्येक वादी आणि तंग उलटा दुमडून बघा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर बदला. शिवण घामाने कुजते, तेव्हा बक्कलापाशी नखाने दोरा ओढून पाहा. म्हापशाच्या बाजारातला चर्मकार मेणाच्या दोऱ्याने तंगाची शिवण चांगली घालून देईल, पण खोगिराच्या सांगाड्यावरची पट्टी मात्र खोगिरं बनवणाऱ्याकडूनच बदलून घ्या.

निओप्रीन धुवायला सोपा, दहा मिनिटांत स्वच्छ. पण त्याखाली हवा खेळत नाही, कातडी घामात भिजून फुगते आणि मग वाळूचा एक कण पुरतो. सुती दोऱ्यांचा तंग स्वस्त आणि हवेशीर, मात्र दोऱ्या एकत्र गोळा होऊन दोरखंडासारख्या काचतात, आणि खारं पाणी लागून वाळल्या की कडक होतात. खरी लोकर कोरड्या हवेत सुरेख. इथे पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि पावसानंतर गवताची कुसळं तिच्यात अशी रुततात की वेचून काढता येत नाहीत. घ्यायचीच असेल तर काढता येणारं अस्तर घ्या आणि दोन ठेवा, एक अंगावर तर एक वाळत. बक्कलं स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची. मुलामा दिलेल्या लोखंडाला खारी हवा फार दिवस टिकू देत नाही. समुद्रावरून आलात की कुठलाही तंग असो, आधी गोड्या पाण्याने खळबळून धुवा. घोड्याची छातीसुद्धा.

आवळण्याची पद्धत तर लगेच बदला, तिला पैसे पडत नाहीत. खोगीर ठेवल्यावर तंग नुसता टेकेल इतकाच, दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाच्या भोकात. मग घोड्याला वीस-तीस पावलं चालवायचं. एक भोक डावीकडे, एक उजवीकडे. पुन्हा थोडं चालवायचं. मग दोन्ही पुढचे पाय एकेक करून पुढे ताणायचे, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडीची घडी सुटते. चढण्याआधी शेवटचं भोक. दहा मिनिटांनी उतरून पुन्हा बघायचं. एका झटक्यात चार भोकं आवळली की घोडा श्वास रोखून अंग ताठ करतो. मोतद्दार म्हणतो 'पोट फुगवतोय' आणि गुडघा मारून आणखी आवळतो. घोडी चावायला येते ती इथे शिकली असणार.

किती घट्ट, ते बाजूला बोटं घालून कळत नाही. फासळ्यांवर तंग सैल वाटला तरी खाली घट्ट असू शकतो. छातीच्या मधल्या हाडापाशी, दोन पायांच्या मध्ये, खालून चार बोटं सपाट घाला. थोडा जोर लावून जायला हवीत. न लावता जात असतील तर सैल. जातच नसतील तर एक भोक सोडा. आणि चढायला चिऱ्याचे दोन दगड रचून चौथरा करा. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढताना स्वाराचं सगळं वजन एका बाजूला लोंबतं. खोगीर फिरू नये म्हणूनच बहुतेक लोक गरजेपेक्षा दोन भोकं जास्त आवळतात. चौथरा असला तर ती दोन भोकं आपोआप वाचतात. परतताना शेवटची दहा मिनिटं उतरून, तंग दोन भोकं सैल करून घोड्याला हातात धरून चालवत आणा.

तट्टूच्या जखमेचं. केस परत येईपर्यंत त्यावर तंग नाही, कुठलाच नाही. मुलांना तोवर लाँजवर (लांब दोरीवर गोल फिरवत), खोगिराशिवाय बसू द्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा धुवा, हलकेच टिपून कोरडं करा. हळद-तेल, खोबरेल, फिनेल यांपैकी काही नको. तेलकट थराखाली धूळ बसते आणि फिनेलने उघडी कातडी भाजते. तिथे गोल चट्टे दिसत असतील, खपल्या निघत असतील किंवा घोडीच्या अंगावरही तसंच काही असेल, तर तो काचल्याचा घाव नसून गजकर्ण असू शकतो. एकच तंग दोघांना वापरल्याने ते पसरतं, माणसालाही होतं. पशुवैद्याला दाखवा आणि तोवर जुना तंग कुणालाच बांधू नका. बरं झाल्यावर तिथे पांढरे केस आले तर घाबरू नका. दाबाने केसांच्या मुळातला रंग जातो, तो परत येत नाही.

घोडीला मात्र नवा तंग बांधण्याआधी पशुवैद्याकडून तपासून घ्या. तंग दिसताच चावणं ही सवय असू शकते, पण पोटातल्या अल्सरचं, फासळीच्या दुखण्याचं किंवा पाठीच्या स्नायूंच्या दुखण्याचंही ते लक्षण आहे, आणि रेसमधून आलेल्या घोड्यांत अल्सर फार आढळतो. सकाळी रिकाम्या पोटी तिला खोगीर घालत असाल तर आजपासून आधी थोडं सुकं गवत द्या. रिकाम्या पोटात पळताना आम्ल वर उसळून जठराच्या नाजूक भागाला लागतं. गवत खाल्लेलं असलं की ते कमी होतं.

नवे तंग आल्यावर पहिले चार-पाच दिवस वीस मिनिटांच्या वर जाऊ नका, तेही चालत आणि दुडकीत. उतरल्यावर लगेच तंगाखालचा घामाचा ठसा बघा. तो सगळीकडे सारखा हवा. मधेच कोरडा पट्टा राहिला असेल तर तिथे दाब जास्त आहे. केस एका दिशेने मोडलेले दिसले तर तंग त्या दिशेला सरकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागेवरून हात फिरवा, सूज किंवा गाठी रात्रीनंतरच हाताला लागतात.

आणि तट्टूचं माप गणेश चवथीनंतर पुन्हा घ्या. पावसाळाभर हिरव्या चाऱ्यावर, काम नसताना, त्याचं पोट दोन-तीन भोकांनी वाढतं, आणि ऑक्टोबरात तोच तंग ओढूनताणून लावला जातो. त्यासाठी तंगाला जोडायचा लांबीचा तुकडा मिळतो, तो घेऊ नका. त्याने पाख्याखाली बक्कलांची दुहेरी रांग होते आणि ती मुलाच्या पायाला आणि तट्टूच्या फासळीला, दोघांना टोचते. दोन इंचांनी मोठा सुती तंग त्या दोन महिन्यांपुरता बाजूला ठेवलेला स्वस्त पडतो.